मोतीबिंदू पिकायचा तेव्हा

मोतीबिंदू पिकावा लागायचा. आज हे सांगितलं तर घरातली पोरं हसतात. पण सत्तरच्या दशकात आमच्या माणदेशातली म्हातारी माणसं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यायची ती एकच निरोप घेऊन, "अजून कच्चा हाय म्हणालं. पिकू द्या." मग कुणी वर्षभर थांबायचं, कुणी तीन वर्षं. आधी गावातली माणसं आवाजावरून ओळखायची पाळी यायची, मग घरातली. शेवटी बाहुलीत पांढरं काहीतरी लांबूनही दिसायला लागलं की शेजारीपाजारीच निकाल द्यायचे, "पिकला बरं का आता."

थांबायला सांगण्यात डॉक्टरांचा आळस नव्हता. पिकलेलं भिंग काढायला सोपं पडायचं, हे एक. खरं कारण दुसरंच होतं. शस्त्रक्रियेनंतर जी नजर मिळायची ती अशी काही असायची, की थोडंफार दिसत असेल तर आधीचीच बरी. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पूर्ण काढून टाकायचे आणि त्या जागी काहीच बसवायचे नाहीत. ठार अंधारापेक्षा ही नजर चांगली, एवढाच तो व्यवहार. म्हणून अंधार पुरता होईपर्यंत थांबायचं.

शिबिरं थंडीत भरायची. उन्हाळ्यात माश्या आणि फुफाटा, पावसाळ्यात चिखल, आणि जखम चिघळते ही भीती. त्यामुळे दिवाळी झाली की लायन्सची, रोटरीची, कुठे साखर कारखान्याची नेत्रशिबिरं लागायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतले बाक बाहेर निघायचे, वर्गांत सतरंज्या पडायच्या आणि दोन-तीन दिवस पोरांना सुट्टी. आम्हाला त्या सुट्टीचंच कौतुक. खिडकीतून डोकावलं की भिंतीला डोकं करून ओळीने निजलेले आजोबा आणि आज्या दिसायच्या. प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टी. कुठला डोळा करायचा ते त्या पट्टीवरून कळायचं. डॉक्टर मात्र क्वचितच दिसायचे. ते आतल्या खोलीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असायचे. या पद्धतीचा मोठा माणूस म्हणजे विजापूरकडच्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी. टेबलांच्या रांगा लावून त्यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची गिनेस बुकात नोंद आहे. त्यांना १९६८ साली पद्मभूषण मिळालं. असल्या झपाट्याचं तेव्हा फक्त कौतुक व्हायचं. आज त्याच आकड्याने डॉक्टरांच्या पोटात गोळा येईल.

शस्त्रक्रियेपेक्षा नंतरचे दिवस अवघड. बुब्बुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाएवढा छेद घेतलेला असायचा, त्यावर टाके. ते सुटू नयेत म्हणून उताणं निजायचं, मान हलवायची नाही. मोठ्या दवाखान्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायचे. खोकायचं नाही, वाकायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही. आणि सगळ्यांत जाचक म्हणजे तपकीर ओढायची नाही. आमच्या थोरल्या आजीची डबी काकाने खिशात घालून घरी नेली, तेव्हा डोळा गेला तरी चालेल पण डबी दे, असं ती म्हणाली होती. शिंक आली आणि टाका तुटला तर डोळ्यातलं पाणी बाहेर येईल, हे तिला पटवायला नर्सबाईंना अर्धा तास लागला.

पट्टी सोडायचा दिवस म्हणजे सण. डॉक्टर समोर हात धरून विचारायचे, "किती बोटं?" ज्याला मोजता यायचं नाही तो सांगायचा, "तुमच्या हातात आंगठी हाय." झालं, पास. मग हिरवं फडकं, काळा चष्मा, चुलीपुढे बसायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि दीड महिन्याने तो सुप्रसिद्ध जाड भिंगाचा चष्मा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या त्या काचा साधारण अधिक दहा नंबरच्या असत. शिबिरात बहुतेकांना सरसकट तोच नंबर मिळे, कारण प्रत्येकाची बारकाईने तपासणी करायला ना वेळ होता ना साधनं.

त्या चष्म्यातून जग पाव पटीने, कधी त्याहूनही मोठं दिसतं आणि जवळ आल्यासारखं वाटतं. आजी चहा ओतायची तो बशीच्या अलीकडे सांडायचा. उंबरठा ओलांडताना ती पाय गुडघ्यापर्यंत उचलायची. भिंगाच्या कडेला नजरेचा एक गोल पट्टा पुसलेला असतो, त्यामुळे बाजूने येणारं माणूस एकदम समोर उगवायचं आणि ती दचकायची. आम्ही पोरं मुद्दाम बाजूने जायचो. एक डोळा केलेला आणि दुसरा कच्चा असला तर आणखी पंचाईत, कारण एका डोळ्याला वस्तू मोठी आणि दुसऱ्याला लहान. मेंदूला त्यांचा मेळ घालता येत नाही. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा! आमच्या गावात काडीला दोरा बांधलेले, एक काच तडकलेले कितीतरी चष्मे वर्षानुवर्षं चालले.

हे सगळं चालू असताना उपाय मात्र जगात सापडलेला होता, हे कळलं तेव्हा मला चिडच आली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिलं कृत्रिम भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे घुसायचे आणि डोळा त्यांच्याशी भांडायचा नाही, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांच्याच पेशातल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. ही पद्धत रुळायला पुढे तीन दशकं गेली आणि आपल्या खेड्यांपर्यंत यायला त्याहून जास्त. परदेशी लेन्स शिबिरातल्या माणसाला परवडण्यासारखी नव्हती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच लेन्स बनवायला सुरुवात केली आणि किंमत उतरली. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ च्या सुमारास सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. शाळा-धर्मशाळांतल्या शस्त्रक्रिया हळूहळू बंद झाल्या. शिबिरात तपासायचं आणि गाडीत बसवून रुग्णालयात न्यायचं, अशी रीत पडली. ते योग्यच झालं. एकाच शिबिरात जंतुसंसर्ग होऊन रांगेने डोळे गेल्याच्या बातम्या त्या काळात अधूनमधून यायच्या आणि जुन्या शिबिरांच्या आठवणी काढताना आपण त्या बातम्या सोयीस्करपणे विसरतो.

वडिलांचा मोतीबिंदू काढला तेव्हा ते सकाळी नाश्ता करून गेले आणि जेवायला घरी आले. डोळा बधिर करायला इंजेक्शनसुद्धा नाही, नुसते थेंब. जेमतेम अडीच मिलिमीटरचा छेद, अल्ट्रासाउंडने भिंग फोडून शोषून घ्यायचं, घडी केलेली लेन्स आत सरकवायची, ती आत गेल्यावर उलगडते. टाका नाही. फेको नावाची ही युक्ती अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली होती, दात साफ करणारं यंत्र बघून. १९६७ साली त्यांनी ती मांडली. वडिलांची तक्रार एकच होती, एवढे पैसे घेतले आणि पंधरा मिनिटांत उठवलं. पैसे किती घ्यायचे हे ठरवताना समोर बसलेल्या बाईंनी तीन-चार लेन्सची पाकिटं मांडली होती. एक फक्त लांबचं दाखवणारी, एक लांबचं-जवळचं दोन्ही, एक नंबरातला तिरपेपणा घालवणारी. पिकू द्या म्हणणारं आता कुणी उरलं नाही. उलट जास्त पिकलेलं भिंग कडक होतं, ते काढताना आजूबाजूला इजा व्हायची शक्यता वाढते, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. रोजच्या कामात अडायला लागलं की काढून टाका, असं सांगतात.

तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी दोन तृतीयांश माणसं मोतीबिंदूमुळेच अंध असल्याचं आढळलं. म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंतरावर उजेड आहे आणि माणसं अजून बसून आहेत. त्यात बायका जास्त असणार, हे कळायला मला पाहणीची गरज नाही. "मला कुठं पोथी वाचायची हाय," हे वाक्य मी पुरुषाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

पोरांच्या डोळ्यांची त्या काळातली कथा वेगळी. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणं हा आईचा धर्मच होता. तुपाचा नाहीतर एरंडेलाचा दिवा, वर ताम्हण उपडं, धरलेली काजळी तुपात खलायची, चिमूटभर कापूर. चांदीच्या डबीत ती वर्षभर पुरायची. त्या वासाची आठवण मला अजून आहे आणि ती सुखाची आहे, पण घालणाऱ्या बोटाच्या नखात काय असायचं तेही आठवतं. एकच डबी, एकच बोट, घरातली पाच पोरं. एकाचे डोळे आले की सगळ्यांचे येणारच. मग हळदीत भिजवलेलं फडकं, कोथिंबिरीचं पाणी, आणि शेजारी कुणी बाळंतीण असली तर तिच्या दुधाचे दोन थेंब. रांजणवाडीला उगाळलेली लवंग. यातलं बरंचसं निरुपद्रवी होतं म्हणून निभावलं. बाजारातला सुरमा मात्र तसा नव्हता, त्यात शिसं असायचं. आज बालरोगतज्ज्ञ काजळाला साफ नको म्हणतात. आमच्या घरात यावर तडजोड झाली आहे. तीट कानामागे लावायची, डोळ्याला हात लावायचा नाही.

खुपऱ्या हा शब्द माझ्या मुलांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हीच मोठी बातमी आहे. पापण्यांच्या आत बारीक दाणे उठायचे, माश्यांवाटे, हातांवाटे, आईच्या एकाच पदराने सगळ्यांची नाकं-डोळे पुसण्यावाटे हा रोग घरभर फिरायचा. वर्षानुवर्षं तो होत राहिला की पापणी आतून आकसते, केस आत वळतात आणि उघडझाप करताना दर वेळी बुब्बुळ खरवडतं. म्हाताऱ्या बायका चिमट्याने ते केस उपटताना मी पाहिल्या आहेत. जुने डॉक्टर मोरचुदाचा खडा पापणीच्या आत घासायचे. ती आग ज्याने सोसली तो पुन्हा दवाखान्याचं नाव काढत नसे. राजस्थान-गुजरातेच्या मानाने आपल्याकडे हा रोग कमी होता, पण दुष्काळी, धुळीच्या, पाणी जपून वापरणाऱ्या टापूंना त्याची ओळख होती. १९६३ साली त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून हा रोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं. एकसष्ट वर्षं. प्रतिजैविक मलम होतंच, पण मला वाटतं त्याहून मोठं काम नळाने केलं असेल. तोंड धुवायला पाणी असणं हाच अर्धा उपचार.

देवीने डोळे गेलेली माणसं प्रत्येक गावात एखाददुसरी असायची. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. त्यानंतर जन्मलेल्यांना तो चेहरा माहीत नाही. गोवर आणि कुपोषण मिळून पोरांची बुब्बुळं विरघळवून टाकायचे. संध्याकाळी ठेचकाळणारं मूल म्हणजे वेंधळं, असंच सगळे धरून चालायचे. ते अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेलं रातांधळेपण असायचं. सरकारने १९७० पासून त्याचे डोस द्यायला सुरुवात केली. आता नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे नऊ डोस अंगणवाडीत मिळतात. गंमत अशी, की परसातला शेवगा, पिकलेली पपई, राजगिरा हे सगळं आमच्याकडे होतंच. पण तान्ह्याला पालेभाजी बाधते म्हणून ती त्याच्या ताटात यायची नाही. बुब्बुळावर एकदा फूल पडलं की ते जन्माचं. आज नेत्रदानाने मिळालेलं बुब्बुळ बसवता येतं, मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा. चष्मा असलेल्या, मोतीबिंदू काढलेल्या माणसाचेही डोळे चालतात, हे अजून पुष्कळांना सांगावं लागतं.

विटीदांडूचं गुणगान ऐकलं की मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवतो, ज्याचा डावा डोळा विटीने गेला. खेळ सुंदर होता, वाद नाही. पण दसऱ्याला धनुष्यबाण, दिवाळीला सुतळी बॉम्ब आणि वर्षभर विटी, इतक्या संकटांतून आमचे दोन-दोन डोळे शाबूत निघाले यात कर्तृत्वापेक्षा नशीब जास्त. ग्रहणाचंही तेच. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण कारवारपासून रायचूरकडे गेलं. आमच्याकडे ते खंडग्रासच होतं, पण गावात चिटपाखरू दिसेना. शहरांत लोकांनी घरात बसावं म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा लावला होता. आम्ही धीट पोरांनी कंदिलावर काचेचा तुकडा धरून काजळी केली आणि त्यातून पाहिलं, कुणी एक्स-रेच्या फिल्ममधून पाहिलं. दोन्ही घातकच. डोळ्यातल्या पडद्याला वेदना कळत नाही, तो भाजतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हातारी माणसं परातीत शेणाचं पाणी करून त्यात सूर्याचं प्रतिबिंब बघायची, त्याला आम्ही हसलो. प्रतिबिंबसुद्धा डोळे लावून बघत बसण्यासारखं नसतंच, पण आमच्या काचेपेक्षा त्यांची परात शहाणी होती. २०१९ च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला नातवंडांकडे काळ्या फिल्मचे कागदी चष्मे होते आणि पुण्याच्या गच्च्यांवर जत्रा लोटली होती.

चष्म्याच्या बाबतीत जग जेवढं बदललं तेवढं दुसऱ्या कशात बदललं नसेल. शाळेत चष्मा लागलेल्या मुलाला ढापण्या म्हणायचे, म्हणून ज्याला लागायला हवा तोही सांगायचा नाही. फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणाऱ्याला कॉपी करतो म्हणून छड्या मिळायच्या. एकाच डोळ्याला मोठा नंबर असलेल्या मुलांचं तर आणखी वाईट. चांगल्या डोळ्याने भागतं, दुसऱ्याकडून आलेलं अंधुक चित्र मेंदू बाजूला टाकायला शिकतो आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले नाहीत तर तो डोळा आळशी तो आळशीच राहतो. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली पथकं आता शाळेत येऊन डोळे तपासतात. ती आमच्या वेळी असती तर आमच्या वर्गातले दोन-तीन मठ्ठ हुशार निघाले असते.

मुलींना तर चष्मा लावणं म्हणजे लग्नाच्या बाजारात भाव उतरवून घेणं. माझ्या एका आतेबहिणीला दाखवायच्या वेळी चष्मा काढून बसवलं. तिने पोह्यांची पहिली बशी अदबीने मुलाच्या काकांपुढे धरली आणि मान खाली घालून त्यांच्याकडे बघून लाजली. लग्न जमलं, पुढे संसारही चांगला झाला, पण काका अजून तो किस्सा सांगतात. आता तिची नात नंबर नसताना मोठी गोल फ्रेम घालून कॉलेजला जाते.

आणि जत्रेतला चष्मेवाला! म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत तो कापड अंथरून तयार चष्मे मांडून बसायचा. ज्याला वाचता येई त्याच्यापुढे वर्तमानपत्र, बाकीच्यांपुढे सुई-दोरा नाहीतर ताटलीत मूठभर तांदूळ. बायका एकेक चष्मा लावून तांदळातले खडे वेचून बघायच्या, खडे दिसले की सौदा पक्का. शिकलेली मंडळी नाक मुरडायची, तपासल्याशिवाय चष्मा घेतात म्हणून. आसामच्या मळ्यांत चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना साधे जवळचे चष्मे देऊन पाहिले, तर चष्मा न दिलेल्यांपेक्षा त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर मला जत्रेतल्या त्या माणसाला मनोमन नमस्कार करावासा वाटला. त्याच्या चष्म्यावर कितीजणींनी आणखी दहा वर्षं गोधड्या शिवल्या असतील.

त्याच्या पद्धतीत खोट एकच होती. खडे दिसले की सगळं ठीक, असं माणसाला वाटायचं. आजचे डोळ्यांचे शत्रू नेमके याच समजुतीवर जगतात. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचं आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात आलं. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, तरी बराच काळ नजर स्वच्छ असते. रक्तस्राव होऊन डोळ्यापुढे जाळं आलं की माणूस धावत जातो. तोवर लेसर आणि इंजेक्शनांनी जेवढं वाचवता आलं असतं त्यातलं बरंच गेलेलं असतं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, एवढंच करायचं असतं. थेंब घातल्यावर दोन-चार तास अंधुक दिसतं, गाडी चालवता येत नाही, म्हणून लोक टाळतात. काचबिंदू त्याहून लबाड. आधी कडेची नजर खातो, समोरचं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. गेलेली नजर परत येत नाही, दाब कमी ठेवून उरलेली राखायची. घरात कुणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीनंतर दाब तपासून घ्यायला हवा. थोरल्या आजीचा मोतीबिंदू सगळ्या गावाला बाहेरून दिसायचा. हे दोघे ज्याचे त्याला दिसत नाहीत.

डोळ्यांची साथ मात्र जुन्या काळाशी इमान राखून आहे. २०२३ च्या जुलैत आळंदीत ती सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली, शाळाच्या शाळा लालबुंद. हळदीचं फडकं कुणी शोधलं नाही. सगळे औषधाच्या दुकानात गेले आणि मागच्या वेळी ज्याने पटकन गुण आला तेच थेंब मागून घेतले. पटकन गुण देणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. ते मनाने महिनोन् महिने घातलं तर दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. विषाणूची साथ आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरते. हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. म्हणजे आजीच्या फडक्यापेक्षा आमची चिठ्ठीशिवाय घेतलेली बाटली जास्त धोक्याची, हे कबूल करायला जड जातं.

"कंदिलाखाली वाचू नको, डोळे जातील," हे आम्ही रोज ऐकलं. कमी उजेडात डोळे थकतात, दुखतात, पण त्याने ते कायमचे बिघडतात असं नाही. आमचे गेले नाहीत. त्याचं श्रेय आम्ही गाजराला आणि शेवग्याला देत आलो. गाजराने अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघते, नंबर उतरत नाही. खरा हात निघाला तो उन्हाचा. घरातला उजेड पाचेकशे लक्सच्या आसपास, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो कित्येक हजार असतो. तेवढ्या उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन सुटतं आणि ते नेत्रगोलाची लांबी वाढू देत नाही, असं संशोधक मानतात. गोल लांबला की लांबचं धूसर, म्हणजेच वजा नंबर. चीनमधल्या ग्वांगझूत काही प्राथमिक शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक तास मैदानात घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत जवळजवळ ४० टक्के. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रमच हाती घेतला. आणि आम्ही? आम्ही उन्हातान्हात गुरांमागे, चिंचेखाली, ओढ्याला दिवस घालवत होतो आणि त्यासाठी मार खात होतो.

पुण्यातल्या आमच्या नातीला सातव्या वर्षी वजा दीड नंबर लागला आणि दीड वर्षात तो तीनवर गेला. मोबाइल बघताना ती पापणीच मिटत नाही. एरवी मिनिटाला पंधरा वेळा मिटते, पडद्यापुढे पाच-सहा वेळा. डोळे कोरडे पडून ती सारखी चोळते. आता रोज रात्री सौम्य अ‍ॅट्रोपिनचा एक थेंब घालतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं, हा नियम तिने भिंतीवर चिकटवला आहे आणि आमच्याच हातात मोबाइल दिसला की ती आम्हालाच तो वाचून दाखवते. तिच्या खोलीच्या खिडकीपासून समोरची इमारत वीस फूटसुद्धा लांब नाही, ते सोडा.

गेल्या खेपेला डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर थेंबांच्या वर, पहिल्या क्रमांकाला लिहून दिलं, "रोज दोन तास उघड्यावर, दिवसाउजेडी." शाळा साडेतीनला सुटते, बस साडेचारला सोडते, पाचला क्लास. शनिवार-रविवार उरतात, पण सोसायटीच्या आवारात दुपारी खेळायला मनाई आहे आणि बाग चारला उघडते. मी चिठ्ठीची झेरॉक्स काढून सेक्रेटरींना दिली. त्यांनी ती नाकाला लावून वाचली, कारण ते चष्मा वर विसरून आले होते, आणि म्हणाले, "काका, पुढच्या मीटिंगला घेऊ."